कॅरॅव्हॅनमध्ये जेवायचं काय? शिदोरीची चारशे वर्षं

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी हा भाग ऐकला असेलच. ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे ऑफिसात बसून चोरून वाचतायत, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मी दोनतीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे नीट केलंय. बाकी बोलणं तेच.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. मी एक एक्सेल शीट बनवतोय. तिचं नाव आहे ‘जेवण’. पुढच्या वर्षी मी, माझी लहान बहीण, आई आणि बाबा असे चौघं न्यूझीलंडला जायचं म्हणतोय. दहा दिवस, भाड्याची कॅम्परव्हॅन. म्हणजे गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच बेसिन. क्राइस्टचर्चला गाडी घ्यायची, टेकापो तलाव, वानाका, क्वीन्सटाउन असं फिरून परत यायचं. विमानाची तिकिटं काढून ठेवता येतात, गाडीचं भाडं ठरलेलं असतं. त्या दोन्हीत फार काही करता येत नाही. जेवणाचा कॉलम मात्र आपल्या हातात असतो.

हिशोब सांगतो. तिकडे साध्या ठिकाणी एका माणसाचं जेवण वीस-पंचवीस डॉलर धरायचं. मी बावीस धरले. चार माणसं, दिवसाला दोन वेळा, दहा दिवस. १,७६० डॉलर. त्यांचा डॉलर साधारण पन्नास रुपयांचा धरला तर ८८ हजार रुपये, नुसत्या जेवणाचे! तेच सामान आणून गाडीत शिजवलं तर माझ्या अंदाजाने पाचशे डॉलरमध्ये चौघांचे दहा दिवस निघतात. म्हणजे २५ हजार. फरक ६३ हजारांचा.

पण खरं सांगू का, ही शीट मी पैशासाठी बनवायला घेतली नव्हती. बाबांसाठी घेतली होती.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. मूल-गडचिरोली, मूल-चंद्रपूर, कधी नागपूर. आयुष्यभर प्रवास केला, आणि आयुष्यभर स्टीलचा दोन ताळ्यांचा डबा सोबत नेला. वरच्या ताळात बेसन (आमच्याकडे पिठल्याला बेसनच म्हणतात), खालच्या ताळात भात किंवा पोळ्या. निवृत्त झाल्यावर मी त्यांना पुण्याला आणलं. एकदा हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात थांबलो. बाबांनी मेन्यूकार्ड हातात घेतलं, डावीकडचं काहीच वाचलं नाही, उजवीकडचे आकडे वरून खाली वाचले आणि कार्ड मिटून ठेवलं. म्हणाले, “भूक नाही लागली गा मले.” आम्ही तिघं जेवलो. ते पाणी पीत बसले. रात्री घरी आल्यावर त्यांनी सकाळचा गार भात तेल-तिखट टाकून खाल्ला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, त्यांना माहीत नव्हतं.

न्यूझीलंडचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “तुमी जा ना गा. आमी काय करू तिथं येऊन?” मला त्याचा अर्थ कळला. तिथे दहा दिवस उजवीकडचे आकडे वाचत बसायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून मी ठरवलं की जेवणाची सगळी सोय आधीच लावायची. आणि मग सवयीप्रमाणे विषय खणत गेलो. आपल्या आधी लोक लांबच्या प्रवासाला निघायचे तेव्हा खायचे काय? पैसे कसे वाचवायचे? आणि कुणाला कुठे जेवता यायचं, कुणाला नाही? एक्सेल शीट बाजूला राहिली आणि इतिहासाचा हा भाग तयार झाला.

खरे कॅरॅव्हॅनवाले

‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द मुळात फारसी ‘कारवाँ’. म्हणजे एकत्र प्रवास करणारा काफिला. आपल्याकडे त्याला शब्द आहे: तांडा. आणि तांडा म्हटलं की बंजारा समाज. लमाण किंवा लमाणी असंही म्हणतात. लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मिठावरून आला असं मानलं जातं, कारण मिठाची ने-आण हा त्यांचा मोठा धंदा होता. किनाऱ्याकडून मीठ आत आणायचं, आतून धान्य बाहेर न्यायचं.

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६३२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. त्याने वाटेत पाहिलेल्या एका तांड्याची नोंद केली आहे. १४ हजार बैल. सगळ्यांच्या पाठीवर धान्य. सोबत बायका, मुलं, सगळा संसार. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए हाही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. तो म्हणतो की यांच्यात चार गट होते, एक गहू वगैरे धान्य वाहायचा, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ.

मी इंजिनिअर माणूस, मला आकडा दिसला की हात शिवशिवतात. एका बैलाच्या पाठीवर साधारण एक क्विंटल धरू. १४ हजार बैल म्हणजे १४ हजार क्विंटल, म्हणजे १,४०० टन. आज एक मालगाडी साडेतीन हजार टनांच्या आसपास माल नेते. म्हणजे डोंगर-नद्या ओलांडत, चिखल तुडवत, डिझेलचा थेंब न जाळता या लोकांनी अर्ध्या मालगाडीला थोडा कमी पडेल एवढा माल एका खेपेत नेला.

आता मुद्द्याचं. हे स्वस्तात कसं जमायचं? कारण तांडा हळू चालायचा. दिवसाला फार तर दहा-पंधरा किलोमीटर. बैल वाटेत चरायचे, त्यांच्या चाऱ्याचा खर्च जवळपास शून्य. रात्री गोण्या उतरवून, रचून ठेवायच्या आणि तिथेच मुक्काम. वाटेत गवत आणि पाणी कुठे आहे, यावर रस्ता ठरायचा. जेवायला बाटी, म्हणजे त्यांच्या बोलीत भाकरी, आणि उकडलेल्या कडधान्याची घुगरी. दोन्हीला भांडी कमी, सरपण कमी, आणि कच्चा माल महिनोन्‌महिने टिकणारा.

मोठमोठ्या फौजा या तांड्यांवर जगल्या. मोगलांची दख्खनची मोहीम असो की १८०३ ची आर्थर वेलस्लीची मराठ्यांविरुद्धची लढाई, सैन्याच्या मागे बंजाऱ्यांचे बैल असल्याशिवाय सैन्य पुढे सरकत नव्हतं. लढणाऱ्यांचे पुतळे झाले. भाकरी पोचवणाऱ्यांचे किती झाले, ते तुम्हीच शोधा.

एकाच काळातल्या दोन गाड्या

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली हे शाळेत पाठ केलंय. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पक्के रस्ते झाले तसे बैलाच्या पाठीऐवजी बैलगाडीतून माल जाऊ लागला. १८७८ चा वन कायदा आला, जंगलं राखीव झाली, आणि जिथे बैल फुकट चरायचे तिथे चराईवर बंधनं आली. म्हणजे एका बाजूने धंदा गेला आणि दुसऱ्या बाजूने ‘इंधन’ही महाग झालं. त्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या माणसाकडे संशयाने बघायची सरकारी पद्धतच पाडली. काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. मीठ आणि धान्य घेऊन गावात येणारा माणूस, ज्याची गाव वाट बघायचं, तो दोन पिढ्यांत ‘संशयित’ झाला.

आता इंग्लंडमध्ये बघा. १८८५ साल. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा नौदलातून निवृत्त झालेला एक डॉक्टर. त्याने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून खास मौजेच्या प्रवासासाठी घोड्यांची एक गाडी बनवून घेतली. नाव ठेवलं ‘द वाँडरर’, म्हणजे भटक्या. आत पलंग, पुस्तकं, तेलावरची शेगडी. सोबत गाडीवान, एक नोकर, कुत्रा आणि पोपट. दक्षिण इंग्लंडमधून निघून तो स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसपर्यंत गेला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हौसेच्या कॅरॅव्हॅन सहलींचा इतिहास सांगताना सगळे इथूनच सुरुवात करतात. १९०७ मध्ये तिकडे कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला.

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो. काळ तोच, राज्यकर्ते तेच. तिकडे एका सुखवस्तू डॉक्टरने स्वतःच्या गाडीला कौतुकाने ‘भटक्या’ नाव दिलं. इकडे तोच शब्द एखाद्या माणसाला लागला की पोलीस पाटलाकडे हजेरी.

आणि हो, आपल्या भागाशी जोडलेला एक धागा इथे आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री असतानाच मारोतराव कन्नमवार गेले. ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले. त्यांच्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, आणि ते पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. १९७२ च्या दुष्काळात राज्य त्यांच्या हातात होतं. तेव्हा दुष्काळी कामांवरच्या मजुरांना जी सुकडी वाटली गेली, तीही एका अर्थाने शिदोरीच. कोरडी, टिकणारी, मुठीत मावणारी, आणि न शिजवता पोटाला आधार देणारी.

दशमी, आणि पाण्याचा प्रश्न

आता स्वयंपाकघरात येऊ. दशमी माहितेय ना? दुधात भिजवलेल्या पिठाची पोळी किंवा भाकरी. प्रवासात मऊ राहते, म्हणून आजीच्या काळात गाडीत बसलं की दशम्या आणि चटणी निघायची. मला वाटायचं दूध फक्त मऊपणासाठी. पण त्यामागे आणखी एक कारण होतं. सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांत पाण्यात शिजवलेलं किंवा भिजवलेलं अन्न पटकन विटाळतं, दुधातलं किंवा तुपातलं तसं विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणून प्रवासाला दशमी. जे अन्न टिकाऊ, तेच ‘शुद्ध’. खाद्यविज्ञान आणि जातीचा नियम एकाच पोळीत लाटलेले.

१८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ अनेकांना माहीत असेल. असा प्रवास म्हणजे मुक्कामाला पोचायचं, आंघोळ करायची, स्वतः रांधायचं, मग जेवायचं. विकतचं तयार अन्न नकोच. म्हणजे ‘सेल्फ कुकिंग’ हे बजेटसाठी नव्हतं, धर्मासाठी होतं.

मग समुद्र ओलांडायची वेळ आली तेव्हा काय झालं? आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ जहाजाने निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. निघण्याआधी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगितलं. साडी सोडायची नाही, मांस खायचं नाही. जवळपास दोन महिन्यांचा प्रवास, गोऱ्यांच्या जहाजातलं जेवण, आणि ही मुलगी त्यातून आपल्याला चालेल ते निवडून खातेय. आज आपण विमानात आधीच एक बटण दाबून शाकाहारी जेवण मागवतो, आणि पनीर रबरासारखं होतं म्हणून स्टोरी टाकतो.

न्यू जर्सीत रोझेल इथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्यासारखं सांभाळलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. पण तोवर क्षयाने गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

त्यांचे यजमान गोपाळराव जोशी. विक्षिप्त गृहस्थ. १८९० मध्ये त्यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना जमवलं. पाद्र्यांच्या घरी चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते. नंतर गोपाळरावांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गदारोळ! कुणी चहा प्यायला, कुणी नुसता कप हातात घेतला, यावर चौकशी, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, प्रायश्चित्त. एका कप चहाने एवढं. परक्याच्या घरचं खाणं-पिणं ही गोष्ट त्या काळी किती जड होती ते यावरून कळतं.

पण थांबा. इथपर्यंतची मंडळी ‘मी कुणाच्या हातचं खाईन’ हे ठरवू शकत होती. आता ज्याला ते ठरवायचा हक्कच नव्हता त्याची गोष्ट.

साल १९०१. साताऱ्याहून चार मुलं निघाली. त्यातल्या दोघांचे वडील गोरेगावला नोकरीत होते, सुट्टीत त्यांच्याकडे जायचं होतं. सगळ्यांना नवे कपडे. मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना कळवलेलं पत्र पोचलंच नव्हतं, म्हणून न्यायला कुणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळल्यावर कुणी बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर एक जण तयार झाला, तो स्वतः बाजूने चालणार. मुलांसोबत डबा होता. भरपूर जेवण होतं. पण पाणी नव्हतं. वाटेत जे मिळालं ते शेणामुताने खराब झालेलं. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावरही पाणी मिळालं नाही. भरलेला डबा शेजारी ठेवून मुलं उपाशी झोपली.

त्यातल्या नऊदहा वर्षांच्या मुलाचं नाव भीमराव. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात हा प्रवास सांगितलाय.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या शीटकडे बघितलं. त्यात तांदूळ होता, डाळ होती, गॅस होता. पाण्याची ओळच नव्हती. मला ती लिहायची गरजच वाटली नव्हती. ज्याला ती ओळ लिहावी लागत नाही तो किती पुढे निघून आलाय, हे त्यालाही कळत नाही.

‘तिकडे आपलं जेवण मिळेल’

पुढची उडी मोठी घेतो. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड आली. अशा मराठी कंपन्यांनी मध्यमवर्गाला परदेश दाखवला. यांच्या जाहिराती आठवा. आयफेल टॉवर असतो, बर्फ असतो, आणि हमखास एक आश्वासन असतं की जेवणाची काळजी करू नका. परदेशात भारतीय जेवण! काही लोक यावर नाक मुरडतात की पॅरिसला जाऊन वरणभात कशाला. मीही मुरडायचो.

आता नाही मुरडत. त्या पिढीला लागलेला चिवडा, लाडू आणि लोणच्याच्या बाटल्यांचा नाद हा चवीचा हट्ट होताच, पण त्यात भीतीही होती. परक्या ठिकाणी भूक लागली, भाषा येईना, पैसे पुरेनात, तर काय? बॅगेतला चिवडा त्या भीतीवरचा उतारा होता. बाबांचा स्टीलचा डबाही तोच होता. घरचा डबा सोबत असला की गावाबाहेर कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही.

मग आमची शीट कशी झाली

इतिहास ऐकवला, आता उपयोगाचं. कुणी असा प्रवास करणार असेल तर टिपून ठेवा.

पहिला धडा तांड्याचा: हळू चाला, खर्च कमी. आधी मी रोज तीनशे किलोमीटर धरले होते. ते कमी केले आणि काही ठिकाणी दोन-दोन मुक्काम ठेवले. डिझेल वाचतं, आणि दुपारी स्वयंपाकाला वेळ मिळतो. ड्रायव्हिंग तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने, हे ऐकून बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

दुसराही तांड्याचाच: माल जिथे स्वस्त तिथे भरा. क्राइस्टचर्च मोठं शहर, तिथे पॅकनसेव्हसारखी स्वस्त सुपरमार्केट आहेत, भारतीय किराणाही मिळतो. टेकापो हे पर्यटकांचं छोटं गाव. कोरडा माल पहिल्याच दिवशी भरायचा. गाडीतला फ्रीज छोटा असतो, म्हणून दूध, अंडी, भाजी चार-चार दिवसांची.

तिसरा, मोजून घ्या. रात्रीचा भात: चार माणसं, माणशी सव्वाशे ग्राम, दहा रात्री, म्हणजे पाच किलो तांदूळ. झाडीपट्टीची माणसं आहोत, यात काटकसर होणार नाही. डाळ माणशी पन्नास ग्राम, म्हणजे दोन किलो. सकाळी पोहे किंवा अंडी-ब्रेड. दुपारी गाडी थांबेल तिथे पोळी-चटणी, आणि पोळीचं पीठ दुधात भिजवायचं. सोवळं नाही, नुसता मऊपणा! रात्री वरणभात, बेसन, कोबी किंवा बटाटा. एक छोटा कुकर घरून न्यायचा, म्हणजे गॅस आणि वेळ दोन्ही वाचतात. आणि दहा दिवसांत दोन वेळा बाहेर जेवायचं, त्याचे पैसे शीटमध्ये आधीच धरलेत.

चौथा धडा सरकारी आहे. न्यूझीलंडला उतरताना सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर जाहीर करावा लागतो. मध, ताजी फळं, रुजू शकेल असं बी, हे घेऊन जायचं नाही. जाहीर न करता काही सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. २० हजार रुपयांचा चिवडा कुणालाच परवडणार नाही.

इथे आईशी भांडण झालं. तिला घरचा एच.एम.टी. न्यायचा होता. हा तांदूळ आमच्या अभिमानाचा विषय. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, छोटे शेतकरी, त्यांनी १९८३ पासून ‘पटेल ३’ वाणातली वेगळी दिसणारी रोपं निवडत, जपत हे वाण तयार केलं. नाव पडलं त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही राष्ट्रपती कलामांच्या हस्ते. तांदूळ देशभर पसरला, पण दादाजींची गरिबी काही हटली नाही. २०१८ मध्ये ते गेले. मूल, सिंदेवाही, नागभीड एकाच रेल्वेमार्गावर आहेत, म्हणजे हा माणूस आमच्या शेजारचाच. पोट भरणाऱ्याचं पोट कोण भरतं, हा बंजाऱ्यांपासूनचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो.

आईला म्हटलं, तांदूळ तिकडे मिळतो, उगाच वजन आणि तपासणी कशाला. ती म्हणाली, “तिकडचा तांदूर आपल्या तांदरासारखा रायते का?” नसतो, आई. शेवटी तडजोड झाली. तांदूळ तिकडचा, जवसाची चटणी घरची. भाजून, कुटून, पाकीटबंद, फॉर्मवर जाहीर करून. अधिकाऱ्याने जाऊ दिली तर आपली, नाही तर त्यांच्या कचरापेटीची.

मागच्या रविवारी मूलला गेलो होतो. बाबांना शीट मोबाइलवर दाखवली. म्हटलं, बघा, दहा दिवसांचं जेवण आधीच भरलेलं आहे. तिथे कुठलाही आकडा वाचायचा नाही. तुमच्या दोन ताळ्यांच्या डब्यासारखंच, फक्त डबा जरा मोठा आहे आणि त्याला चाकं आहेत.

त्यांनी बोटाने स्क्रीन वर-खाली केली. बराच वेळ. मग विचारलं, “पान्याचा काय? पानी भेटते का वाटेत?”

मी सांगितलं की गाडीला टाकी असते, मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतो, कुणीही भरा, कुणी विचारत नाही.

“कुनीच नाही इचारत?”

“नाही, बाबा.”

ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि माळ्यावरून तो जुना डबा काढून आणला. झाकण उघडून आत बघितलं, फडक्याने पुसला आणि आईला म्हणाले, “हा घेजो सोबत.”

शीटमध्ये आता दोन नवीन ओळी आहेत. एक पाण्याची. दुसरी ‘डबा, स्टील, दोन ताळे, १ नग’.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या घरातली प्रवासाची शिदोरी कोणती, कुणी बांधायची, आणि बाहेरचं खायला कोण घाबरायचं, हे घरी विचारून बघा. आजी-आजोबा असतील तर आजच विचारा.